बाल्थझारला निरोप का दिला नाही? ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला दोष कुणाचा

प्रश्न असा आहे: शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये दोन कोवळी मुलं जीव देतात, त्याचा दोष कुणावर? नशिबावर, दोन घराण्यांच्या वैरावर, की त्या दोघांच्याच उतावळेपणावर? विचारणाऱ्याने पुढे लिहिलंय की वर्गात ‘सगळेच थोडे थोडे जबाबदार’ असं उत्तर मिळालं आणि ते पटलं नाही.

मलाही ते कधी पटलं नाही. हे नाटक मी दोनदा बसवलंय, आणि मधली बरीच वर्षं नाट्यशिक्षणाच्या वर्गात शिकवलंय. तालमीत प्रत्येक नट आपापल्या पात्राची बाजू घेऊन भांडतो, त्यामुळे तिथे मोघम बोलून भागत नाही. कुणी काय केलं, कधी केलं आणि करताना त्याला काय काय ठाऊक होतं, हे संहितेवर बोट ठेवून दाखवावं लागतं. तसं बोट ठेवत गेलो की मी दरवेळी एकाच माणसापाशी येऊन थांबतो. तो म्हणजे फ्रायर लॉरेन्स, त्या दोघांचं लग्न लावणारा, फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचा संन्यासी. त्याच्या मागोमाग ज्युलिएटचे वडील, कॅप्युलेट. मुलांचं नाव यादीत बरंच खाली येतं, आणि नशिबाचं त्याहून खाली.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. हा प्रश्न शेक्सपिअरने मुद्दाम आपल्यावर सोडलाय. कथानक त्याचं स्वतःचं नव्हतं. आर्थर ब्रूकच्या १५६२ सालच्या दीर्घ इंग्रजी काव्यावरून त्याने ते घेतलं. ब्रूककडे शेवटी रीतसर निवाडा होतो. लग्न लपवलं म्हणून ज्युलिएटच्या दाईला हद्दपार करतात, विष विकणाऱ्याला फासावर चढवतात, रोमिओचा नोकर सुटतो, आणि फ्रायर निर्दोष ठरून स्वतःहून एकांतवासात निघून जातो. शेक्सपिअरने हा अख्खा निवाडा गाळला. त्याच्या नाटकात व्हेरोनाचा राजा एस्केलस एवढंच म्हणतो की काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा होईल. कुणाला काय, ते सांगत नाही. प्रेक्षक घरी जातो तो ही यादी मनात जुळवतच.

आता नशीब. सुरुवातीच्या निवेदनातच या दोघांचे ग्रह वाकडे असल्याचं सांगितलंय, त्यामुळे पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण नाटकातली माणसं नशिबाचं नाव कधी घेतात ते पाहा. रोमिओ स्वतःला नशिबाच्या हातचं खेळणं म्हणतो, तेव्हा त्याच्या पायाशी ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट मरून पडलेला असतो, रोमिओच्याच तलवारीने. फ्रायर म्हणतो की आपल्याला जिच्यापुढे काही चालवता येत नाही अशा थोर शक्तीने आपला बेत मोडला, तेव्हा तो थडग्यात उभा असतो आणि पुढच्या काही ओळींत तिथून पळ काढणार असतो. आपला हात उघडा पडायची वेळ आली की ही माणसं आकाशाकडे बोट दाखवतात. निवेदनातल्या ग्रहांपेक्षा मला हे जास्त बोलकं वाटतं.

‘पण ते पत्र?’ असं यावर हमखास विचारलं जातं. हद्दपार होऊन मांटुआ शहरात राहिलेल्या रोमिओला फ्रायर लॉरेन्स पत्र पाठवतो, त्यात खरी हकीकत असते: ज्युलिएट मेलेली नाही, वडिलांनी दुसऱ्याशी ठरवलेलं लग्न टाळायला औषधाने निजली आहे, जागी होईल तेव्हा तू ये. पत्र घेऊन फ्रायर जॉन निघतो. सोबतीला आपल्याच पंथाचा एक जण हवा म्हणून त्याला शोधत तो आजाऱ्याच्या घरी जातो, आणि या घरात प्लेग असावा या संशयाने शहराचे तपासनीस दार बंद करून त्याला आतच अडकवतात. लंडनमध्ये १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे नाट्यगृहं बहुतेक बंदच होती. त्यानंतर लगेचच हे नाटक रंगभूमीवर आलं. बंद केलेलं दार म्हणजे काय हे त्या प्रेक्षकांना समजावून सांगायची गरज नव्हती. हा खरोखरचा दैवाचा घाला आहे, आणि तो मी मान्य करतो.

पण पत्र फ्रायर जॉनकडे गेलंच का?

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश उघडा. टिबाल्टला मारल्याबद्दलची हद्दपारीची शिक्षा ऐकून रोमिओ फ्रायरच्या खोलीत जमिनीवर पडून रडतोय. फ्रायर त्याला उठवतो, खडसावतो आणि बेत सांगतो: आज रात्री ज्युलिएटला भेट, पहाटेपर्यंत शहर सोड, मांटुआत राहा. योग्य वेळ पाहून आम्ही तुमचं लग्न जाहीर करू, दोन्ही घरांचा समेट करू, राजाकडून तुला माफी मिळवू. याच बोलण्यात तो आणखी एक वचन देतो. तुझ्या माणसाला मी गाठेन, इथे जे जे चांगलं घडेल ते तो तुला वेळोवेळी कळवत राहील. हा माणूस म्हणजे रोमिओचा नोकर बाल्थझार. निरोपाची वाट त्या रात्रीच ठरली होती, आणि ती फ्रायरनेच ठरवली होती.

मंगळवारी ज्युलिएटला औषध देताना तोच फ्रायर म्हणतो की मी एका संन्याशाबरोबर पत्र पाठवतो. बाल्थझारचं नावही निघत नाही. त्याला कुणी काही सांगतच नाही. मग बुधवारी तो ज्युलिएटला कॅप्युलेटांच्या थडग्यात ठेवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, आणि इमानी नोकराने जे करावं तेच करतो: घोडा घेऊन तडक मांटुआ गाठतो. तिथे रोमिओचा पहिला प्रश्न काय असतो? फ्रायरची पत्रं आणलीस ना? वाईट बातमी ऐकल्यावरही तो पुन्हा तेच विचारतो: फ्रायरचं एकही पत्र नाही? नाही, असं बाल्थझार सांगतो. रोमिओ ठरलेल्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. खरी बातमी प्लेगच्या घरात कोंडली गेली आणि खोटी बातमी फ्रायरनेच आखलेल्या वाटेने, वेळेवर आणि सुखरूप पोहोचली.

वर्गात मी हे दोन प्रवेश एकापाठोपाठ एक वाचून घेतो. मध्ये काही बोलत नाही. बहुतेकदा कुणीतरी पुस्तक मागे उलटून ती ओळ पुन्हा वाचतं.

फ्रायरने असं का केलं, ते शेक्सपिअर सांगत नाही. मला जे दिसतं ते असं: त्याला झाकून ठेवायची सवय आहे. आपल्या पंथाचा माणूस तोंड उघडणार नाही, नोकराचा काय भरवसा? जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं. ही सवय त्याच्या प्रत्येक पावलात आहे, आणि सुरुवात लग्नापासूनच होते. त्याचा हेतू चांगला होता. या लग्नाने दोन घरांतलं वैर मिटेल म्हणून तो तयार होतो. पण जे लग्न कुणाला कळलंच नाही, त्याने वैर मिटणार कसं? सोमवारी दुपारी लग्न लागतं आणि लगेच भर रस्त्यात टिबाल्ट रोमिओला आव्हान देतो. रोमिओ बिचारा म्हणतो, तुला ठाऊक नाही अशा कारणासाठी माझं तुझ्यावर प्रेम आहे. ते कारण सांगता आलं असतं तर टिबाल्टची तलवार म्यान झाली असतीच असं मी म्हणणार नाही, टिबाल्ट तसा नव्हता. पण रोमिओचा मित्र मर्क्युशिओ, त्याला रोमिओचा नमतेपणा भेकडपणा वाटला नसता. मर्क्युशिओ मधे पडतो तो त्या भेकडपणाची लाज वाटून.

बोलायची संधी फ्रायरला एकदाच मिळाली असंही नाही. हद्दपारीचा हुकूम सुटला तेव्हा राजाकडे जाता आलं असतं. मंगळवारी तर ज्युलिएटसाठी वडिलांनी ठरवलेला नवरा, पॅरिस, स्वतः त्याच्या खोलीत येऊन सांगतो की गुरुवारी माझं ज्युलिएटशी लग्न आहे, तुम्हीच लावायचं. जिचं लग्न आपण काल लावलं, तिचंच दुसरं लग्न लावायला हा माणूस समोर उभा आहे. फ्रायर काय करतो? पॅरिसला ऐकू येणार नाही असं पुटपुटतो की हे लांबणीवर का टाकायला हवं ते मला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं. आणि मोठ्याने म्हणतो की मुलीचं मन तुम्हाला कळलेलं नाही, हे काही बरोबर नाही. एक वाक्य पुरलं असतं. वादळ झालं असतं, कॅप्युलेटने आकांडतांडव केलं असतं, फ्रायरची पंथात अब्रू गेली असती. पण मुलगी जिवंत राहिली असती.

ते वाक्य बोलण्याऐवजी तो अजून चौदाही न झालेल्या पोरीच्या हाती बाटली देतो आणि सांगतो की हे पी, बेचाळीस तास प्रेतासारखी पडून राहा, मढ्यांच्या मधोमध जागी हो.

बुधवारी सकाळी ज्युलिएटच्या घरी जो प्रवेश होतो, तो बरेच दिग्दर्शक कापतात. आईबाप ऊर बडवून रडताहेत, आणि पोरगी जिवंत आहे हे त्या खोलीत एकट्या फ्रायरला माहीत आहे. तो त्यांना उपदेश करतो की ती स्वर्गात सुखी आहे, रडता कशाला, चला, अंत्यविधीची तयारी करा. मी हा प्रवेश कधीच कापला नाही. फ्रायर दुष्ट नाही. तरीही धर्माचे शब्द वापरून तो त्या आईबापांशी खोटं बोलतो आणि ते त्याला सहज जमतं. हे पाहिल्याशिवाय थडग्यातला फ्रायर समजत नाही.

थडग्यात तो उशिरा, अंधारात थडग्यांना ठेचकाळत पोहोचतो. पॅरिस मरून पडलाय, रोमिओ मरून पडलाय. ज्युलिएट डोळे उघडते आणि विचारते, माझा नवरा कुठे आहे? बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागते. फ्रायर म्हणतो, चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो, प्रश्न विचारू नकोस. ती हलत नाही. तो म्हणतो, मला आता इथे थांबायचं धाडस होत नाही, आणि निघून जातो.

या ठिकाणी एक आठवण सांगतो. पहिल्यांदा नाटक बसवलं तेव्हा फ्रायर करणारा नट अनुभवी होता. त्याने हा प्रवेश दहा-बारा वेळा करून पाहिला आणि शेवटी म्हणाला, ‘मला हे जाणं जमत नाही. मी मंगळवारी या मुलीच्या हातात सुरा पाहिलाय. मदत केली नाही तर इथेच जीव देईन, असं ती मला म्हणाली होती.’ तो बरोबर बोलत होता. मंगळवारी ज्युलिएट फ्रायरच्या खोलीत सुरा काढते. सोमवारी त्याच खोलीत रोमिओनेही स्वतःला भोसकायचा प्रयत्न केला होता. या दोन मुलांचा हात किती पटकन पात्याकडे जातो हे व्हेरोनात कुणाला नक्की माहीत असेल तर ते फ्रायरला. तरी तो तिला नवऱ्याच्या प्रेताशेजारी, रोमिओच्या सुऱ्याच्या अंतरावर, एकटं सोडून जातो. आम्ही जाताना त्याला एकदा मागे वळून पाहायला लावलं. तो पाहतो, सुरा दिसतो, आणि तरी जातो. मला आजही तेच योग्य वाटतं.

आता कॅप्युलेट. याचं पात्र मी सगळ्यात जास्त काळजीने करून घेतो, कारण पहिल्या अंकात हा माणूस चांगला आहे. पॅरिस मागणी घालतो तेव्हा तो म्हणतो की पोर अजून लहान आहे, दोन उन्हाळे जाऊ देत, आणि माझ्या होकाराला तिच्या होकाराची जोड हवी. तिथेच तो असंही म्हणतो की आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांतता राखणं काही अवघड नाही. त्याच रात्री घरच्या मेजवानीत रोमिओ शिरतो, टिबाल्ट तलवार मागवतो, आणि कॅप्युलेट त्याला झापतो: राहू दे त्याला, पोरगा सद्गुणी आहे असं अख्खं व्हेरोना म्हणतं, माझ्या घरात त्याचा अपमान होणार नाही. या ओळींवरून कितीजण घाईघाईने पुढे जातात! मॉन्टेग्यूचा मुलगा वैऱ्याच्या घरात उभा आहे आणि यजमान त्याचं कौतुक करतोय. वैर त्या रात्री मिटण्याजोगं होतं. ते म्हाताऱ्यांच्या हाडात उरलंच नव्हतं, नुसतं सवयीने चाललं होतं, नोकरांच्या शिव्यांत आणि टिबाल्टच्या डोक्यात. ते मिटवायला उठण्याची तसदी मात्र कुणी घेत नाही.

एका दिवसाने हाच माणूस मुलीला विचारल्याशिवाय तिचं लग्न ठरवून मोकळा होतो. त्याचा तारखांचा घोळ ऐका. सोमवारी रात्री तो म्हणतो, बुधवार फार लवकर होईल, गुरुवारी करू. मंगळवारी ज्युलिएट नकार देते तेव्हा तो तिला वाटेल ते बोलतो: भीक माग, उपाशी मर, रस्त्यात प्राण सोड, माझ्या घरात तुला जागा नाही. मग ती फ्रायरकडून परत येऊन नाटकी क्षमा मागते, तो विरघळतो आणि आनंदाच्या भरात लग्न पुन्हा अलीकडे ओढतो. उद्याच. म्हणजे बुधवार, जो त्याला स्वतःलाच फार लवकर वाटला होता. त्यामुळे ज्युलिएटला औषध एक रात्र आधी प्यावं लागतं. तो दिवस हातात राहिला असता तर फ्रायर जॉन अडकल्याचं वेळेत कळून दुसरा निरोप जाऊ शकला असता. (बेचाळीस तासांचा हिशेब नाटकात नीट बसत नाही, हे मला ठाऊक आहे. प्रयोगात तो कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात राहते ती घाई.)

तरीही मी कॅप्युलेटला फ्रायरच्या खाली ठेवतो. कारण एकच: त्याला माहीत नव्हतं. मुलगी टिबाल्टसाठी रडतेय अशी त्याची समजूत होती. पॅरिस सांगतो की रडून रडून तिची प्रकृती बिघडेल या भीतीनेच बाप लग्नाची घाई करतोय. त्याच्या जुलमाचा एक भाग त्या लपवाछपवीतून आलाय, आणि ती दुसऱ्या कुणी चालवली होती. त्याने मुलीला मालमत्तेसारखं वागवलं याची माफी मी त्याला देत नाही. पण खोट्या माहितीवर चुकणं वेगळं, आणि सगळं माहीत असून गप्प बसणं वेगळं.

दाईबद्दल थोडक्यात. तिनेच ज्युलिएटला अंगावर पाजून वाढवलं, तिनेच लग्नाचे निरोप नेले-आणले. बाप शिव्या देऊन गेल्यावर मुलगी तिच्याकडे वळते, काहीतरी सांग म्हणते. दाई म्हणते, पॅरिसशी लग्न कर, रोमिओ त्याच्यापुढे फडकं आहे. त्या क्षणी ज्युलिएट तिच्याशी खरं बोलणं कायमचं थांबवते. औषध पिण्याआधी घाबरून दाईला हाक मारायला जाते आणि स्वतःला आवरते. त्या हाकेपाशी माझ्या दोन्ही ज्युलिएट रडल्या होत्या, मी सांगितलं नसताना.

राजा एस्केलस आपला दोष स्वतःच कबूल करतो: तुमच्या भांडणाकडे डोळेझाक केली म्हणून माझीही दोन माणसं गेली. ती म्हणजे मर्क्युशिओ आणि पॅरिस. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त बोलायची गरज मला वाटत नाही.

आणि मुलं? रोमिओच्या हातून खरा गुन्हा घडतो. मर्क्युशिओ मेल्यावर तो टिबाल्टला मारतो, आणि पुढचं सगळं त्यातून निघतं. ते मी लपवत नाही. उतावळेपणाचा आरोप मात्र मला अन्यायाचा वाटतो, निदान ज्युलिएटवर. सज्जात उभी राहून तीच म्हणते की हे फार घाईचं, फार अविचाराचं, फार अचानक होतंय, विजेसारखं, चमकली म्हणेपर्यंत नाहीशी होणारी. ब्रूककडे ती सोळा वर्षांची आहे. शेक्सपिअरने तिला चौदाच्याही आत आणलं. ब्रूककडे ही गोष्ट काही महिने चालते. शेक्सपिअरने ती चार-पाच दिवसांत कोंबली. वय घटवून आणि दिवस कमी करून मोठ्यांचं ओझं त्याने वाढवलं, असं मी वाचतो. तेरा वर्षांच्या मुलीने घाई केली हा दोष देताना तिच्याभोवतीचे मोठे लोक किती घाईत होते तेही मोजायला हवं.

रोमिओला विष विकणारा औषधवाला उपाशी आणि फाटका आहे. मांटुआत विष विकलं तर मृत्युदंड आहे, हे त्याला माहीत आहे. रोमिओ त्याला चाळीस ड्युकाट (सोन्याची नाणी) देतो आणि म्हणतो, विष मी तुला विकलं, तू मला नाही. ब्रूकने याच माणसाला फासावर चढवलं होतं.

तुम्हाला उत्तर लिहायचं असेल तर तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश आणि पाचव्या अंकाचे पहिले दोन प्रवेश शेजारी ठेवून लिहा. बाकीचं आपोआप जागेवर पडेल. मग शेवटच्या प्रवेशातला हा भाग वाचा. पकडून आणलेला फ्रायर राजासमोर सगळं कबूल करतो. यात माझी चूक दिसली तर माझ्या म्हाताऱ्या जिवाला कायद्याची कठोरातली कठोर शिक्षा द्या, म्हणतो. राजा त्याला तिथल्या तिथे सावरून घेतो: तुम्ही सत्पुरुष आहात हे आम्हाला कायम ठाऊक आहे. आणि लगेच विचारतो, रोमिओचा माणूस कुठाय? त्याचं काय म्हणणं आहे?

बाल्थझार पुढे येतो. सांगतो की ज्युलिएट गेल्याची बातमी मीच माझ्या मालकाला नेऊन दिली.

दोन्ही वेळा मी त्याला फ्रायरच्या अगदी शेजारी, हाताच्या अंतरावर उभं केलं होतं. फ्रायरने त्याच्याकडे पाहायचं नाही, एवढीच सूचना दिली होती.